ज्ञानदान आणि वाटेवरची मुले

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्यासाठी आपण माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. मी जन्माने जैन नाही. परंतु शेजाराने आणि संस्काराने आपलाच आहे. निमंत्रण देण्यासाठी विश्वस्त घरी आले, तेव्हा मी विषय विचारला. "गुरुजी, ज्ञानदानावर बोला," असे ते म्हणाले. ज्ञानदानाचे माहात्म्य मी आपणांस सांगावे, हे काशीला गंगाजल नेण्यासारखे होईल. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपल्या घरातील लहान मुलालाही पाठ असतात. म्हणून मी माहात्म्य सांगणार नाही. हे दान आपल्या दारात येऊन कोण मागत आहे, आणि आपल्याला ते दिसते आहे का, एवढेच मी आज सांगणार आहे.

आपल्या ट्रस्टचे वय आणि आमच्या विस्थापनाचे वय जवळजवळ सारखेच आहे. उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. आज पुण्याहून सोलापूरकडे जाताना डाळजच्या परिसरात डाव्या हाताला जे अथांग पाणी दिसते, त्याखाली भीमाकाठची गावे आहेत, मळईची शेते आहेत, देवळे आहेत. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. आमच्या पिढीचे बालपण मात्र कोणत्याही उन्हाळ्यात वर आले नाही.

गाव उठले तेव्हा मी तिसरीत होतो. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. इतर सामानाबरोबर तो बैलगाडीत घालून आम्ही नव्या गावठाणात आणला आणि एका लिंबाच्या झाडाला टांगला. घंटा आली, परंतु शाळा आली नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. नव्या गावठाणात पिण्याचे पाणी, रस्ते, शाळा या सोयी असाव्यात हे तत्त्व पुढे मान्य झाले. पण कागदावरची सोय जमिनीवर उतरेपर्यंत मूल थांबून राहत नाही. ते मोठे होत राहते, आणि एकदा जनावरांमागे गेले की सहसा वर्गात परतत नाही. माझ्या वर्गातील अनेक मुले त्या एकदोन वर्षांतच शाळेला अंतरली. त्यांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. शाळा बसायला जागा नव्हती, एवढेच कारण.

त्या पावसाळ्यात आमच्या शाळेला आसरा दिला तो एका जैन दुकानदाराने. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचेही घर-दुकान पाण्यात गेले होते. तेही आमच्यासारखेच धरणग्रस्त होते. नव्या जागी त्यांनी किराणा मालासाठी पत्र्याची एक खोली उभी केली होती. आमच्या गुरुजींनी शब्द टाकला आणि काकांनी ती खोली शाळेला दिली. पोती बाहेर रचून त्यांवर ताडपत्री टाकली. दोनदा पाऊस आत शिरून माल भिजला. घरातून कुरबुर झाली, तेव्हा काका म्हणाले, "माल पुन्हा भरता येतो." त्यापुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, पण आम्हा मुलांनाही ते कळले. मी पुढे शिक्षक झालो, त्याचा पाया त्या पत्र्याच्या खोलीत आहे.

बंधू-भगिनींनो, ही झाली ऋणाची गोष्ट. आता अपराधाची सांगतो. आपल्याकडे प्रतिक्रमणाची थोर परंपरा आहे. म्हणून ही गोष्ट सांगण्यास याहून योग्य जागा मला सापडणार नाही.

१९९० च्या सुमारास मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. मकरसंक्रांतीच्या आसपासचे दिवस होते. उसाच्या फडातून एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या काखेत धाकटा भाऊ होता. बीडकडची माणसे. आई म्हणाली, "गुरुजी, ही गावाकडं चौथीत हाय. हितं बसवून घ्या." मी दाखला मागितला. दाखला गावाकडे होता. मी म्हणालो, "दाखल्याशिवाय नाव कसे घालू? जूनमध्ये या." जूनमध्ये ती माणसे येथे नसणार, हे मला ठाऊक होते. आमचे बोलणे चालू असताना ती मुलगी फळ्याकडे पाहत होती. फळ्यावर लिहिलेला त्या दिवसाचा सुविचार तिने एक शब्दही न अडखळता मोठ्याने वाचला. मग भावाला दुसऱ्या काखेत घेतले आणि आईच्या मागून निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

नियमाने माझे काही चुकले नव्हते. तरीही ज्याची शाळा एकेकाळी दुसऱ्याच्या पत्र्याखाली भरली, त्याने दुसऱ्याच्या मुलीला वर्गाच्या दारातून परत पाठवले. त्या काकांनी जर माझ्या वडिलांकडे कागद मागितला असता, तर मी आज या व्यासपीठावर नसतो.

ही मुले कोण, हे आपणांस मी सांगायला नको. नीरेच्या डाव्या कालव्याने आणि पुढे उजनीच्या पाण्याने हा मुलूख उसाचा झाला. वालचंद हिराचंद यांच्यासारख्या जैन उद्योगपतीने इंदापूर तालुक्याच्या माळावर वालचंदनगर वसवले. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी, शहाजीनगर अशी कारखान्यांची मालिका उभी राहिली. आपल्या बाजारपेठेतील सराफकट्टा असो, कापडदुकान असो की खताचे दुकान, उसाचे बिल जमा झाले की सर्वत्र वर्दळ वाढते. ज्या हातांनी तो ऊस तोडला जातो, ते हात बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाटे तीन-चारला ती जोडी फडात जाते. मागे कोपीवर राहतात ती मुले. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. मुलगा बैलांना वैरण टाकतो, वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते आणि पाडव्याच्या मागेपुढे ते परत जातात. म्हणजे पहिले सत्र गावाकडे आणि दुसरे सत्र कोपीवर. परीक्षेला मूल गावी पोहोचते, तेव्हा अर्धे पुस्तक त्याने उघडलेलेच नसते. असे दोन-तीन हंगाम गेले की मूल वर्गात मागे पडते, मग लाजते, मग येईनासे होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात कोयता येतो आणि मुलीचे लग्न ठरते.

याच हिवाळ्यात आपल्या उजनीच्या काठावर, कुंभारगाव, डिकसळ, डाळजच्या पाण्यात, रोहित पक्षी येतात. पुण्या-मुंबईची माणसे दुर्बिणी घेऊन पहाटे हजर होतात. पक्षी किती आले, यंदा उशिरा का आले, याच्या बातम्या येतात. पाहुण्या पक्ष्यांची ही काळजी स्तुत्यच आहे. अहिंसाधर्मी समाजाला तिचे मोल अधिक कळते. परंतु त्याच आठवड्यात त्याच रस्त्याने टायरगाडीवर चुलीच्या दगडांशेजारी बसून जी मुले येतात, त्यांची मोजदाद आपण करतो का?

काही मंडळी म्हणतील, हे काम सरकारचे आहे. निश्चितच आहे, आणि सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला आता दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्याला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून कायद्यातच लिहिलेली आहे. माझी १९९० ची चूक आज बेकायदा ठरली असती. त्यापूर्वी, २००० नंतरच्या दशकात, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या आणि कोपीतले मूलही शिकू शकते हे दाखवून दिले. गावाकडे आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आली. शाळाबाह्य मुलांसाठी धडपडणारे बालरक्षक शिक्षक पुढे आले. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली.

मग अडते कोठे? अडते ते शेवटच्या एक-दोन किलोमीटरवर. कोपी फडाजवळ असते आणि शाळा गावात. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, म्हणून आई पाठवीत नाही. धाकट्याला सांभाळणारे कोणी नाही, म्हणून थोरली येत नाही. तळ पंधरा-वीस दिवसांत हलतो आणि नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मूल वर्गात आलेच, तर "हे आमच्या गावचे नाही" ही नजर त्याला मागच्या बाकावर बसवते. या गोष्टी शासन निर्णयाने सुटणाऱ्या नाहीत. त्या शेजाऱ्याने सोडवायच्या आहेत.

आणि शेजारधर्माची आपली परंपरा लहान नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला एका जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. तो मी येथे मुद्दाम सांगतो. समाजाने त्यांना आसराही दिला आणि बाहेरही काढले. त्यांनी यातील आसऱ्याची बाजू उचलली आणि ती साऱ्या रयतेसाठी मोठी केली. आपल्या बारामतीत १९६२ मध्ये अनेकांत एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या वर्गांतून आजूबाजूच्या खेड्यांतील, सर्व समाजांची मुले शिकून बाहेर पडली.

आणि किल्लारी! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची धरणी हादरली. हजारो माणसे गेली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा आणि त्यांचे सहकारी सुमारे १,२०० मुलांना पुण्याला घेऊन आले. अन्न आणि तंबू देणारे पुष्कळ होते. परंतु या मुलांचे शिक्षण तुटता कामा नये, हा विचार त्यांनी केला. पुढे वाघोलीला शाळा आणि वसतिगृहाचे संकुल उभे राहिले, आणि किल्लारीची मुले मोठी झाल्यावर आदिवासी भागातील आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले तेथे आली. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर याच संघटनेने साडेतीनशेहून अधिक शाळा अल्प काळात उभ्या करून दिल्या. आपल्यापैकी कित्येकांनी त्या काळी धान्य, कपडे, पैसा पाठवला असेल. त्या पुण्याईचे आपण वाटेकरी आहात.

आपल्या महाराष्ट्राने परदेशी निर्वासितांचीही मुले शिकवली आहेत. दुसऱ्या महायुद्धात घरदार तुटून सैबेरियात हद्दपार झालेल्या पोलंडच्या सुमारे पाच हजार लोकांना, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. पुढे कोणत्या देशात राहायचे हेही ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्या त्या छावणीत प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शिक्षण होते. आज जगातील शाळेच्या वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले शाळेबाहेर आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संघटनेचे अलीकडचे अहवाल सांगतात. ते वाचले की वळिवड्याची थोरवी अधिक जाणवते.

परंतु श्रोतेहो, भूकंप आणि युद्ध एका रात्रीत सर्वांचे काळीज हलवतात. ऊसतोडीचे विस्थापन दरवर्षी येते, ठरल्या वेळी येते, आवाज न करता येते. म्हणून त्यासाठी मदतीचा ट्रक निघत नाही. एका रात्रीत १,२०० मुलांची शाळा तुटली तर आपण धावलो. तेवढ्याच मुलांची शाळा दर दिवाळीला तुटत असेल, तर सवय झाली म्हणून ती तुटणे लहान ठरत नाही.

आता मी आपल्याच आचारातील एक उदाहरण देतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. नेमक्या त्याच दिवसांत उसाच्या टायरगाड्या आपल्या मुलखात येऊ लागतात. आपल्या पूज्यांना घर नाही, गाव नाही, ते सतत वाटेवर असतात. तरी त्यांचा स्वाध्याय एक दिवसही खंडित होत नाही. का? कारण समाजाने वाटेवर ठिकठिकाणी उपाश्रय आणि विहारधामे बांधली आहेत. पुढच्या मुक्कामाला आधी निरोप जातो. गोचरीची, विश्रांतीची, ग्रंथांची चिंता कोणीतरी वाहतो. आलेले महाराजसाहेब मूळचे कोणत्या प्रांताचे, हे विचारून कोणी दार उघडत नाही. त्यागाने वाटेवर निघालेल्यांची ही व्यवस्था आपण शतकानुशतके सांभाळली. पोटासाठी वाटेवर निघालेल्या बालकाच्या स्वाध्यायाची व्यवस्था करणे, मग आपल्याला अवघड का जावे? साधूंची आणि या बालकांची मी बरोबरी करीत नाही. एवढेच म्हणतो, की वाटेवरच्याचा अभ्यास कसा अखंड ठेवावा, हे ज्ञान या समाजापाशी आधीच आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे मी चार नम्र सूचना ठेवतो.

पहिली. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आपल्या तरुणांनी गटशिक्षण कार्यालय आणि शाळांतील बालरक्षक शिक्षकांना बरोबर घेऊन पंचक्रोशीतील प्रत्येक कोपीवर जावे आणि मुलांची नावे, इयत्ता व गावाकडची शाळा लिहून घ्यावी. यादी झाल्याशिवाय दान कोणाला द्यायचे, ते कळत नाही.

दुसरी. धाकट्यांसाठी पाळणाघर. थोरलीच्या काखेतील भाऊ खाली उतरला, तरच तिच्या हाती पाटी येईल. ट्रस्टचे सभागृह आठवड्यात बहुतेक दिवस रिकामे असते. ते पाच महिने उघडे ठेवावे. श्राविका मंडळाने मनावर घेतले, तर याला फारसा पैसाही लागणार नाही.

तिसरी. ने-आण. आपल्यापैकी अनेकांची वाहने सकाळी गावात येतात. ठरलेल्या वेळी एक सुरक्षित वाहन फडापासून शाळेपर्यंत जावे. शिवाय संध्याकाळी तळावर दिव्याखाली एक तास अभ्यास घ्यावा. आपल्या पाठशाळेतील मोठ्या मुलामुलींनी तो घेतला, तर शिकवणाराही शिकेल.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. तळ हलला की पुढच्या गावच्या संघाला निरोप जावा, जसा विहारात जातो. भिगवणचे मूल बारामतीकडे गेले, तर बारामतीकरांना ते आधी कळावे. हंगाम संपला की काय शिकून झाले, त्याची नोंद मुलाबरोबर त्याच्या गावच्या शिक्षकापर्यंत पोहोचावी. पैशाने श्रीमंत संस्था पुष्कळ आहेत; गावोगावी आपली माणसे असलेला समाज मात्र विरळा. हे काम आपणच करू शकता.

यात अडचणी येतील. मूल चार दिवस येईल आणि पाचव्या दिवशी आईबरोबर फडात जाईल. मुकादमाला आपला संशय येईल. पहिल्या वर्षी पन्नासांतली दहाच टिकतील. त्या दहांना मोजा. दुसरीकडे, आपले भाग्य थोर असेल तर हे काम एक दिवस अनावश्यक ठरेल. ऊस यंत्राने तोडला जाईल, किंवा त्या गावांना पाणी मिळून स्थलांतरच थांबेल. तोवर मूल समोर आहे, आणि त्याचे वय थांबत नाही.

अनेकांत आपल्याला दुसऱ्याच्या जागेवरून पाहायला शिकवतो. या हंगामात एकदा कोपीच्या दारातून आपल्या सभागृहाकडे पाहा, एवढीच विनंती. ती सुविचार वाचणारी मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली असेल. कदाचित तिची मुलगी, कदाचित नात, याच वाटेने येत असेल. ती दारात आली, तर तिच्याकडे कागद मागू नका. आधी आत बसवा.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्. ट्रस्टच्या पुढील वाटचालीस माझ्या अंतःकरणपूर्वक शुभेच्छा.

जय जिनेंद्र. जय महाराष्ट्र.